रस्त्यावरचं उचलून खाणारं पिल्लू: हिसकावू नका, सोडायला शिकवा

प्रश्न थोडक्यात असा: साडेचार महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू, पुण्यातली सोसायटी, रोज सकाळ-संध्याकाळ फेरी. फेरीत ते कोंबडीची हाडं, वडापावचे कागद, टिश्यू, वाळलेली शी, दिसेल ते तोंडात घेतं. काढायला गेलं की गिळून टाकतं आणि आता गुरगुरायलाही लागलंय. काय करावं?

आधी गुरगुरण्याबद्दल, कारण खरी मेख तिथेच आहे. या वयाचं पिल्लू प्रत्येक वस्तू तोंडाने तपासतं. शिवाय साधारण साडेतीन ते सात महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के दात येतात, हिरड्या शिवशिवतात, काहीतरी चावावंसं वाटतं. उचललेल्या बऱ्याच वस्तू ते दोनदा चावून स्वतःच टाकून देईल. पण माणूस ओरडत धावतो, जबडा उचकटतो, वस्तू काढून घेतो. पिल्लाच्या हिशोबात त्या कागदाचा भाव तिथेच वाढतो. चार-पाच वेळा असं झालं की ते शिकतं, की हात जवळ आला म्हणजे वस्तू जाणार. सर्वांत सुरक्षित जागा पोट. म्हणून ते घाईने गिळतं. गिळूनही भागलं नाही की गुरगुरतं. या गुरगुरण्यावर रागावू नका, चापट तर मुळीच मारू नका. तो इशारा दडपला की पुढच्या वेळी पिल्लू इशारा न देता थेट चावतं.

तेव्हा आजपासून पहिला नियम: पान, काडी, कोरडा कागद, मातीचं ढेकूळ यांच्याकडे बघायचंही नाही. चालत राहायचं. तोंडात बोटं घालायची ती फक्त जिवाला धोका असेल तेव्हा. त्या प्रसंगांची यादी खाली आहे आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा लहान आहे.

शिकवणी सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. जंताचं औषध वेळेवर झालंय का? सहा महिन्यांपर्यंत ते साधारण दर महिन्याला लागतं. आणि पोट भरतंय का? या वयात दिवसाचं अन्न तीन वेळांत विभागलेलं असावं. वाटीच्या अंदाजाने न देता वजन करून द्या. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, पण दुरून मोजता येऊ नयेत. माती, चुना, प्लास्टर चाटणं सतत चालू असेल, हिरड्या फिकट दिसत असतील, तर शिकवणीच्या आधी रक्त आणि शी तपासून घ्या. आणि लॅब्रॅडॉरच्या बाबतीत थोडं दैवही आडवं येतं. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की या जातीतल्या जवळपास चौथाई कुत्र्यांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यांची अन्नाची ओढ जास्त असते. याचा एक फायदाही आहे: असं पिल्लू खाऊसाठी मन लावून काम करतं.

पहिले दोन आठवडे कमाई बंद करायची. रस्त्यावर सापडलेलं प्रत्येक हाड हा पिल्लाचा पगार आहे. तो चालू असेपर्यंत तुमच्या शिकवणीला विचारतो कोण? फेरीची वेळ बदला. झाडलोट आणि घंटागाडी होऊन गेल्यावर निघा, त्याआधी नको. वडापावची गाडी, चायनीजची गाडी, मंगल कार्यालयाची मागची बाजू, भटक्या कुत्र्यांना भात घालतात तो कोपरा, हे सगळं तूर्त टाळा. लांब कंटाळवाण्या रस्त्यापेक्षा दहा मिनिटांची स्वच्छ गल्ली बरी. दोरी पाच ते सहा फुटांची, साधी, हातात घट्ट बसणारी. आपोआप लांबणारी-गुंडाळणारी दोरी या कामाला निरुपयोगी आहे: पिल्लू हाडापाशी पोचल्यावर तुम्हाला हाड दिसतं. छातीवर इंग्रजी ‘वाय’च्या (Y) आकाराचा हार्नेस घाला. गळ्याला झटका दिला की पिल्लू घाबरून हातातलं काम उरकतं, म्हणजे गिळतं.

आता ‘सोड’. बहुतेक लोक हा शब्द पिल्लाच्या तोंडात काहीतरी असताना, ताणाताणी चालू असताना शिकवायला जातात आणि तिथेच फसतात. सुरुवात रिकाम्या तोंडाने करायची. खाऊ म्हणजे मीठ न घालता उकडलेलं चिकन किंवा पनीर, तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. मांसाहार नसलेल्या घरात पनीर पुरतं. रोजच्या दाण्यांनी घरात भागेल, रस्त्यावर भागणार नाही. दिवसाला ४० ते ५० ग्रॅम चिकनमध्ये शंभर-सव्वाशे तुकडे होतात. खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा.

पिल्लू समोर नुसतं उभं असताना शांतपणे ‘सोड’ म्हणा, एक सेकंद थांबा, मग पाच-सहा तुकडे जमिनीवर पसरून टाका. ते खात असताना बोट दाखवून ‘हा बघ, हा बघ’ करत उरलेले तुकडे दाखवा. त्यामुळे त्याच्या नाकाजवळ तुमचा हात फिरतो आणि तो हात काही घेत नाही, उलट देतो. ही गोष्ट गुरगुरणाऱ्या पिल्लाच्या अंगी मुरणं फार महत्त्वाचं आहे. एका वेळी सात-आठ फेऱ्या, दिवसातून तीन वेळा, चार-पाच दिवस. शब्द ऐकताच पिल्लू जमिनीकडे बघू लागलं की पुढची पायरी: त्याच्या तोंडात त्याला फारसं प्रिय नसलेलं खेळणं असताना ‘सोड’. तोंड उघडलं की खाऊ पसरा आणि खेळणं उचलूच नका. खाऊ संपला की खेळणं तिथेच त्याला पुन्हा मिळतं. दहापैकी आठ-नऊ वेळा तुम्ही वस्तू परत देता हे त्याला पटलं पाहिजे. त्यानंतर जास्त आवडीचं खेळणं, मग चघळायची काठी, मग बाहेरचा स्वच्छ कागद. शब्दाआधी हात खिशात गेला तर पिल्लू शब्दाऐवजी खिशावर नजर ठेवायला शिकतं, म्हणून आधी शब्द, मग हात.

घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा. आजी म्हणते ‘ए, टाक ते’, मुलं म्हणतात ‘ड्रॉप’, बाबा नुसते ओरडतात. अशा घरात पिल्लाला काहीच कळत नाही. शब्द कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

दुसरा शब्द वस्तू तोंडात जाण्याआधीचा. त्यासाठी ‘नको’ वापरू नका. तो घरात दिवसातून पन्नास वेळा बोलला जातो आणि पिल्लू त्याला केव्हाच बहिरं झालेलं असतं. ‘राहू दे’ चालेल. इथे अर्थ नीट ठरवा: जमिनीवरचं सोडून माझ्याकडे बघ.

मुठीपासून सुरू करा. मुठीत साधा दाणा धरून ती त्याच्या नाकासमोर ठेवा. ते चाटेल, चावेल, पंजा मारेल. गप्प बसा. नाक मुठीपासून दोन बोटं जरी मागे गेलं, त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि दुसऱ्या हातातलं चिकन द्या. मुठीतला दाणा द्यायचा नाही, कधीच नाही. ‘राहू दे’ म्हटलेली वस्तू शेवटी मिळते असं एकदा शिकलं की पिल्लू रस्त्यावरच्या हाडासमोर बसून परवानगीची वाट बघतं. मूठ समोर येताच ते आपणहून मागे सरू लागलं की मगच शब्द जोडा. पुढे उघडा तळवा, मग जमिनीवर ठेवलेला दाणा. त्यावर सुरुवातीला स्टीलची चाळणी पालथी घाला. वास येतो, दिसतं, पण लुटता येत नाही. तुम्हाला पायाने झाकायची धांदल करावी लागत नाही. चाळणीकडून नजर तुमच्याकडे वळली की खाऊ. मग चाळणीविना, पण दोरी लावून. दोरी एवढीच ठेवा की पिल्लू दाण्यापासून वीतभर अलीकडे थांबेल. ओढायची नाही, फक्त घट्ट धरून उभं राहायचं. पुढे दाणा वरून पाडायचा, मग दोरीने चालत त्याच्या बाजूने जायचं, आधी सहा फुटांवरून, रोज थोडं जवळून. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची पायरी. लागोपाठ दोनदा चुकलं की एक पायरी मागे. एक बैठक तीन ते पाच मिनिटांचीच. त्यापुढे पिल्लू थकतं आणि माणूस चिडतो.

घरात शंभर टक्के जमणारं पिल्लू फाटकाबाहेर सगळं विसरतं. यात आगाऊपणा काही नाही. बाहेर वास वेगळे, आणि धडा त्याच्या लेखी फक्त दिवाणखान्यातला होता. म्हणून मधली पायरी लागते: ठरवून मांडलेला कचरा. झाकणाला भोकं पाडलेल्या दोन-तीन प्लास्टिकच्या डब्यांत हाड, तळणाचा कागद, शिळी पोळी घाला. झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि पिल्लाला न दिसता पार्किंगमध्ये दहा-दहा पावलांवर ठेवा. मग फेरी काढा. चुकलं तरी पोटात काही जात नाही, त्यामुळे तुमच्या दोरीत ताण येत नाही. हा ताण फार बोलतो. दोरी आखडली की पुढे काहीतरी भारी आहे हे पिल्लाला कळतंच.

खऱ्या रस्त्यावर नजर मोबाइलवर न ठेवता दहा-पंधरा फूट पुढे ठेवा. पिल्लाचीही देहबोली असते. चाल अचानक वेगवान, डोकं खाली आणि एका रेषेत, शेपटी स्थिर. ही एक-दोन सेकंदं तुमची. नाक वस्तूला लागल्यावर म्हटलेला शब्द वाया जातो. वेळेवर ‘राहू दे’ म्हणा, वळलं की लगेच दोन-तीन तुकडे, आणि वस्तूपासून लांब जात द्या, तिथे उभं राहून नाही. शब्द एकदाच. ‘राहू दे राहू दे राहू दे रे’ म्हणत राहिलात तर तो गाडीच्या हॉर्नसारखा होतो. चुकलं तर न बोलता वळा आणि पुढच्या वेळी अंतर वाढवा.

सगळं नाकही बंद करू नका. हुंगणं ही कुत्र्याची गरज आहे. ते दाबलं की मिळेल ते गपकन उचलायची घाई वाढते. फेरीत दोन-तीन स्वच्छ गवताचे तुकडे ठरवा, तिथे ‘शोध’ म्हणून त्याच्या जेवणातले पंधरा-वीस दाणे गवतात भिरकावा आणि दोरी सैल सोडा. जमिनीवरचं खायला शब्द लागतो, हा नियम त्यातून बसतो. काही जण म्हणतात, जमिनीवरचं द्यायचंच नाही, नाहीतर सवय लागेल. पण शब्दाचा दरवाजा ठेवलात तर तशी अडचण सहसा येत नाही.

एवढं करूनही पिल्लू उचलतच असेल, रस्ता बदलणं शक्य नसेल, किंवा गिळलेलं काढायला एकदा शस्त्रक्रिया होऊन गेली असेल, तर मुसकं घाला. मळणीच्या वेळी बैलाने धान्य खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं बांधतात. काम तेच आहे. मात्र ते टोपलीसारखं हवं, ज्यात तोंड पूर्ण उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड आवळून बंद करणारी कापडी पट्टी फेरीला कधीही नको. कुत्रा उष्णता धापांतून बाहेर टाकतो. एप्रिलच्या उन्हात बंद तोंड म्हणजे उष्माघात. माप घेताना डोळ्यांच्या थोडं खालून नाकाच्या टोकापर्यंतची लांबी आणि तोंडाचा घेर मोजा. नाकापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा राहू द्या. पिल्लू वाढतं, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी माप पुन्हा बघा. सवय लावायला दहा-बारा दिवस द्या: मुसकं वाटीसारखं धरून आत दही चोपडा, पिल्लू स्वतः तोंड घालेल; एक सेकंद, मग पाच, मग दहा; त्यानंतर पट्टा क्षणभर लावून सोडा, मग घरात दहा पावलं, मग बाहेर. पहिल्याच दिवशी बांधून फेरीला नेलं तर पंजाने ओरबाडण्यातच फेरी संपते. मऊ शी किंवा भात जाळीतून आत येतो, त्यासाठी पुढच्या भागाला आतून जाळीचा जादा तुकडा लावता येतो. मुसकं घातलेलं पिल्लू स्वतःला वाचवू शकत नाही, म्हणून भटक्यांच्या टोळीच्या गल्लीत जाऊ नका आणि त्याला मोकळं सोडू नका. पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींना टोपली नीट बसत नाही, त्यांच्यासाठी वेगळ्या आकाराची जाळी मिळते.

आता ज्यांच्यासाठी खरंच धावायचं त्या गोष्टी. आपल्याकडे त्या ऋतूप्रमाणे येतात. संक्रांतीनंतर जमिनीवर मांजाचे तुकडे. दोरा आतड्यात अडकला की आतडं चुण्या पडून कापलं जातं. गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, थेट डॉक्टरकडे. उन्हाळ्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात कणसाचं बुटूक. दोन्ही गिळायला सोपी, आतड्यात बुचासारखी बसणारी आणि साध्या एक्स-रेत दरवेळी स्पष्ट न दिसणारी. लक्षणं काही दिवसांनीही उमटतात, म्हणून काय गिळलं हे सांगायला विसरू नका. गटारीच्या दुसऱ्या सकाळी रस्ते हाडांनी भरलेले असतात. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं. कबाब, तंदुरीच्या काड्यांवरही लक्ष ठेवा. दिवाळीनंतर न फुटलेले फटाके. मनुके आणि द्राक्षं मूत्रपिंड खराब करू शकतात आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून प्रसादाचा शिराही सावधपणेच बघा. बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतं.

तिठ्यावरचा उतारा वेगळा सांगायला हवा, कारण बाहेरच्या पुस्तकांत तो नसतो. दहीभात, अंडं, टाचण्या टोचलेलं लिंबू: पिल्लाला भाताचा वास येतो, टाचणी दिसत नाही. शनिवारी दुकानांतून फेकलेल्या लिंबू-मिरच्यांच्या माळेत बिब्बा असतो आणि बिब्ब्याचं तेल तोंड-घसा भाजून काढतं. अमावास्येच्या आणि शनिवारच्या आगेमागे तिठे टाळा. पावसाळ्यातल्या डबक्यांत उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार पसरतो. त्याची लस वेगळी असते का, हे डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या कुत्र्यांच्या शीमधून पार्व्हो हा उलटी-जुलाबांचा जीवघेणा आजार येतो, म्हणून लसींची मालिका पुरी होण्याआधी पिल्लाला रस्त्यावर उतरवू नये.

धोक्याची वस्तू तोंडात आहे आणि ‘सोड’ अजून कच्चा आहे, असा प्रसंग येतोच. धावू नका. पाच-सहा तुकडे त्याच्या पायाशी पसरून दोन सेकंद थांबा. नाहीच सोडलं आणि वस्तू उंदराचं औषध किंवा टाचणी असेल, तरच हात घालायचा: एक हात वरच्या जबड्यावर सुळ्यांच्या मागे, त्याचेच ओठ दातांवर आत दाबून, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचा जबडा खाली. काढलं की लगेच मूठभर खाऊ. पिल्लू ताठ होऊन पांढरे डोळे दाखवत गुरगुरत असेल तर हात घालू नका, पोटात गेलेलं डॉक्टर बघतील. दात लागलाच तर घरचं, लस झालेलं पिल्लू असलं तरी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि स्वतःच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

गिळल्याचं कळलं की मिठाचं पाणी, तेल, दूध यांपैकी काहीही पाजू नका. मिठाने रक्तातलं सोडियम जीवघेणं वाढतं. काळसर पावडरीचं उंदीरनाशक, म्हणजे झिंक फॉस्फाइड, पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू करतं. खायला घातलं की आम्ल वाढतं. अशा पिल्लाला उलटी झाली तर तो वायू तुमच्याही नाकात जातो, म्हणून गाडीच्या काचा खाली ठेवा. रंगीत वड्यांचं, रक्त पातळ करणारं उंदराचं औषध खाल्लं तर दोन-तीन दिवस पिल्लू अगदी ठणठणीत दिसतं, मग हिरड्यांतून, नाकातून किंवा शीतून रक्त जाऊ लागतं. म्हणून बरं दिसतंय म्हणून थांबू नका. जीवनसत्त्व के-१ लवकर सुरू झालं तर ते वाचतं आणि ते काही आठवडे चालवावं लागतं. उलटी करवायची असेल तर ती डॉक्टरच करवतील, आणि ती शक्यतो पहिल्या दोन तासांतच उपयोगाची असते. टोकदार वस्तूला किंवा जाळणाऱ्या द्रवाला ती करवत नाहीत.

दवाखान्यात जाताना उरलेला तुकडा किंवा वेष्टन पिशवीत घाला, खाल्ल्याची वेळ आणि पिल्लाचं ताजं वजन सांगा. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, तिथे एक्स-रे आणि सोनोग्राफी होते का, हे आज शांत असताना विचारून ठेवा आणि नंबर त्याच फ्रिजवर, ‘सोड’च्या खाली लिहा.